संशोधनातील सहकार्याचे जाळे : इनामगावचे उदाहरण

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. याच तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना तितकेच परिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. त्यातून तीन हजार वर्षांहून जुनी, ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घरे, धान्याचे कण, जनावरांची हाडे आणि मानवी सांगाडे या सर्वांचा अर्थ लावणे एकट्या विद्वानाच्या आवाक्यातील काम नव्हते.

बिंदू आणि रेषा

संशोधनातील असे सहकार्य तपासण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक संशोधक हा एक बिंदू मानावयाचा आणि दोघांनी मिळून लेख वा ग्रंथ सिद्ध केला की त्या दोन बिंदूंमध्ये रेषा काढावयाची. एखाद्या विषयातील सर्व लेखनाची अशी नोंद केली की जाळे तयार होते. कोणते गट एकत्र काम करतात, कोण एकाकी आहे आणि दोन गटांमधील एकमेव दुवा कोण, हे त्यावरून कळते. असा दुवा निवृत्त झाल्यास दोन्ही गटांचा संबंध तुटण्याचा धोका असतो.

मोजणीची मर्यादा

इनामगावच्या १९८८ च्या अहवालावर म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी यांची नावे आहेत. म्हणजे तीन बिंदू आणि तीन रेषा. तेथील सांगाड्यांवरील १९८६ चा ग्रंथ जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांचा आहे. म्हणजे दोन बिंदू आणि एक रेषा. केवळ मुखपृष्ठे पाहिली तर हे दोन गट परस्परांशी असंबद्ध वाटतील. वस्तुतः दोघांची सामग्री एकाच मातीतून आलेली आहे. प्रकरणांचे लेखक मोजल्यास वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक काजळे, प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक थॉमस असे नवे बिंदू दिसू लागतात. तात्पर्य, रेषा कशास मानावयाची यावर चित्र अवलंबून असते.

म्हणूनच रेषांच्या संख्येवरून संशोधकाची योग्यता ठरविणे उचित नव्हे. कुदळ-फावडे चालविणारे हात सहलेखकांच्या यादीत सहसा येत नाहीत. जाळ्यात तेच उमटते, ज्याची लेखी नोंद झालेली असते. गावाचा इतिहास किंवा पाहणी-अहवाल तयार करणाऱ्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी माहिती देणाऱ्या आणि साहाय्य करणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली, तर पुढील अभ्यासकास गावचा वाटाही त्या जाळ्यात दिसू शकेल.