जिभेखालच्या गोळीचे वेळापत्रक

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या, की बसल्या जागी रक्त पुरते, चढ चढताना पुरत नाही. छातीच्या मधोमध दडपण येते, आवळून धरल्यासारखे वाटते. कळ कधी डाव्या हातात, कधी जबड्यात उतरते आणि थांबले की काही मिनिटांत ओसरते. हा हृदयशूल, म्हणजेच अंजायना. रत्नागिरीत सपाट रस्ता कमीच. घरापासून सडकेपर्यंतची जांभ्या दगडाची पाखाडी किंवा रत्नदुर्गाची चढण हे दुखणे लवकर उघड करते. तरीही ‘गॅस धरलाय’ म्हणून ओव्याच्या पाण्यावर महिने काढणारे थोडे नाहीत.

या दुखण्यावर जवळजवळ दीड शतक टिकून राहिलेले औषध म्हणजे नायट्रेट. सुरुंगाच्या दारूत वापरले जाणारे नायट्रोग्लिसरीन इटलीच्या आस्कानिओ सोब्रेरो यांनी 1847 मध्ये तयार केले, आणि ते नुसते जिभेला लावले तरी डोके ठणकते हे त्यांच्याच लक्षात आले. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी ते अंजायनावर वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात डॉक्टरांनी हेच औषध सुचवले होते. आपल्याकडे मात्र घरोघरी माहीत आहे ती सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट.

ही गोळी ‘ब्लॉकेज उघडते’ हा समज चुकीचा आहे. नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्याने रक्तवाहिन्या, मुख्यतः शिरा, सैलावतात. हृदयाकडे परतणारे रक्त त्यामुळे कमी होते, त्याचे काम हलके होते आणि त्याला प्राणवायू कमी लागतो. अडथळा होता तिथेच राहतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बिडी-सिगारेट सोडणे यांची जागा नायट्रेट घेऊ शकत नाही.

दुखणे येऊ नये म्हणून नायट्रेट दोन तऱ्हांनी देतात. ठरावीक श्रमांनी छातीत दुखत असेल, तर श्रमांच्या पाच-दहा मिनिटे आधी एक गोळी जिभेखाली. ती गिळली तर यकृतातून जाताना औषधाचा मोठा भाग निकामी होतो आणि गुणही उशिरा येतो. नायट्रोग्लिसरीनचा असर साधारण अर्धा तास टिकतो, सॉर्बिट्रेटचा तासभर किंवा थोडा जास्त. गोळी बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरतो आणि उभ्या माणसाला घेरी येऊ शकते. मे महिन्यात कलमांवरचे आंबे उतरवताना घामाने अंगातले पाणी कमी झालेले असते, तेव्हा हा धोका वाढतो. दारूनेही वाढतो. शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यावी की नाही, हा प्रश्न मात्र गोळीवर सोडू नये, आधी डॉक्टरांना विचारावा.

दुसरी तऱ्हा रोजच्या गोळ्यांची, आणि चूक होते ती इथेच. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांचे सोमवारी डोके दुखे आणि पुढच्या दिवसांत ते थांबे, कारण शरीर नायट्रेटला सरावे. रविवारच्या सुटीत हा सराव सुटे आणि सोमवारी पुन्हा तेच. रुग्णाचेही तसेच होते. चोवीस तास औषध अंगात राहिले, तर ते लागू पडेनासे होते. म्हणून दिवसातले दहा ते चौदा तास, सहसा रात्रीचे, नायट्रेटशिवाय ठेवतात. दिवसातून दोनदा म्हटले की सकाळी आठ आणि रात्री आठ, ही आपली सवय. इथे मात्र दुसरी गोळी बहुधा दुपारीच असते. मोनोनायट्रेट या दुसऱ्या नायट्रेटच्या दोन साध्या गोळ्यांत साधारण सात तासांचे अंतर ठेवतात, दीर्घकाळ असर करणारी गोळी सकाळी एकदाच, न चावता गिळतात, आणि त्वचेवरची पट्टी रात्री काढतात. रात्रीच दुखत असेल तर वेळा डॉक्टर बदलतात. सुरुवातीची डोकेदुखी बहुधा काही दिवसांत कमी होते. तिला कंटाळून गोळ्या एकदम बंद करू नयेत.

सर्वांत घातक जोडी आहे ती लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्यांची. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट घेऊ नये, कारण रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. संकोचापायी ही गोष्ट लपवली जाते, म्हणून डॉक्टरांनीच ती विचारायला हवी. शेजाऱ्याच्या छातीत दुखू लागले म्हणून आपल्या पाकिटातली सॉर्बिट्रेट त्याच्या तोंडात टाकणेही याच कारणाने धोक्याचे. शिवाय त्याचा रक्तदाब आधीच उतरलेला असू शकतो, किंवा हृदयाची झडप अरुंद असू शकते.

नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात, कारण उष्णता आणि दमट हवा त्यांचा असर घालवते. कोकणात दोन्ही मुबलक. पाकिटातल्या गोळ्या आधीच फोडून डबीत भरू नयेत.

दुखू लागलेच तर बसून एक गोळी जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा दुखणे वाढले, तर 108 ला फोन करावा. त्या काळात आणखी गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतलेले असावे. वाडीवरून मुख्य रस्त्यापर्यंत येण्यातच वेळ जातो, म्हणून सकाळची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना दोन गोष्टी आधी सांगाव्यात: शेवटची नायट्रेट किती वाजता घेतली, आणि गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली होती का.