‘फॅमिली’ची कुळकथा

सावेडीच्या एखाद्या शाळेतील सुविचारफलकावर किंवा सकाळी सकाळी मोबाईलवर येऊन थडकणाऱ्या संदेशांत ‘फॅमिली’ या शब्दाची जी फोड हटकून आढळते, की त्यातील सहा अक्षरे म्हणजे ‘फादर अँड मदर, आय लव्ह यू’ या वाक्याची आद्याक्षरे होत, ती ऐकावयास गोड असली तरी तिला काडीचाही आधार नाही. आद्याक्षरे जुळवून शब्द पाडण्याची टूम प्रायः विसाव्या शतकातली. हा शब्द मात्र इ. स. १४०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो लॅटिन ‘फामिलिआ’वरून, आणि त्याच्याही मुळाशी ‘फामुलुस’, म्हणजे चाकर, हा शब्द आहे.

ही व्युत्पत्ती कानी पडताच काही उत्साही मंडळी दुसरे टोक गाठतात आणि फॅमिली म्हणजे मुळात गुलामांचा ताफा, असा निवाडा देऊन मोकळी होतात. तोही एकांगीच. रोमन कायद्यात घरधन्याच्या सत्तेखालची मुलेबाळे, दासदासी आणि प्रसंगी सारी मालमत्ता एवढा या शब्दाचा पैस होता. तो माणसांना लागतो तसा वस्तूंनाही लागतो, असे उल्पिअन या विधिज्ञाने स्पष्टच नमूद केले आहे. इंग्रजांतही घरी राहणारे नोकरचाकर दीर्घकाळ फॅमिलीतच गणले जात, आणि सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पहिला अर्थ ‘एका घरात राहणारे’ असा असून वंशाचा अर्थ त्याच्यामागून येतो. आपला ‘कुटुंब’ तरी कुठे निव्वळ रक्ताचा? संस्कृतातील ‘कुटुम्बिन्’ म्हणजे जमीनजुमला बाळगून असलेला गृहस्थ, आणि ‘कुणबी’ हा शब्द त्याच्यापासूनच आला, असे भाषाभ्यासक मानतात.

तिसरा गैरसमज मात्र खास आपला, आणि मला तो अधिक मौजेचा वाटतो. मनमाड रस्त्याने जाताना हॉटेलात ‘फॅमिली रूम’कडे वळलेल्या एकट्या पुरुषाला पोऱ्या अडवतो, “साहेब, फॅमिली आहे का बरोबर?” आणि कचेरीतला एखादा कारकून “फॅमिली गावाला गेलीय” म्हणून सांगतो, तेव्हा आपल्यातले सुशिक्षित गालात हसतात, की बिचाऱ्याला इंग्रजी येत नाही. वस्तुतः त्याला मराठी फार चांगले येते. पत्नीचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, हा रिवाज पाळण्यासाठी घराला वाचक असे जे जे शब्द हाताशी होते, ते ते आपण तिच्याकडे वळवले: कुटुंब, मंडळी, खटले, आणि अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, मुळात टोळीचा वाचक असलेला ‘कबिला’. मोल्सवर्थच्या कोशातही ‘कुटुंब’ या शब्दाला पत्नी हा अर्थ दिलेला आहे. याहून जुनी साक्ष शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तेथील एका प्राकृत शिलालेखात क्षत्रप नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक ओवरी दान दिल्याची नोंद असून तिला ‘कुडुंबिनी’ म्हटले आहे. ‘फॅमिली’ आली ती या जुन्या गादीवर. कारकुनाने केवळ अंमलदार बदलला.

उरला तो समज असा, की कुटुंबाचा प्रमुख म्हणजे बाप्याच असावयाचा. रोमन ‘पातेर फामिलिआस’ तसा होता खरा. सरकारी दप्तरातही वर्षानुवर्षे हाच शिरस्ता. परंतु २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार, शिधापत्रिकेपुरती का होईना, पात्र घरातील १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रियांपैकी सर्वांत वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख. पुरुषाचे नाव त्या जागी लागते ते अशी सज्ञान स्त्री घरात नसेल तरच, आणि मुलगी १८ वर्षांची होताच ते पद तिच्याकडे जाते.