कामाचे हात आणि त्यांची निगा

नवरात्र सरले की घरोघरी दोन कामांना एकाच वेळी आरंभ होतो. एकीकडे माळ्यावरची भांडी खाली उतरतात, डबे घासले जातात, पडदे आणि चादरी भिजत पडतात. दुसरीकडे बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळीची वाटी घेऊन मंडळी आकाशकंदिलाभोवती बसतात. नेमक्या याच सुमारास पावसाळ्याचा ओलावा हवेतून ओसरू लागतो. पाणी, साबण, कागद आणि कोरडी हवा यांनी एकत्र येऊन हातांवर चाल करावी, तसाच हा प्रकार होतो. चार-सहा दिवसांतच बोटांची टोके खरखरीत होतात, सांध्यांवर बारीक चिरा पडतात, रेशमी वस्त्र हाती घेतले तर त्याचे धागे बोटांना अडकतात आणि मिरची चिरताना तर डोळ्यांत पाणी उभे राहते.

ज्यांच्या घरी कागदकाम सणापुरतेच होते, त्यांचा हा त्रास दिवाळीबरोबर कमी होतो. परंतु कागदावरच ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांचे काय? उत्तरायणासाठी अहमदाबादेत घरोघरी पतंग चिकटविणाऱ्या स्त्रिया, काश्मीरमध्ये कागदाच्या लगद्याच्या वस्तू घडविणारे कारागीर, राजस्थानातील सांगानेर येथे हातकागद तयार करणारे कागजी, या सर्वांचे भांडवल म्हणजे त्यांचे दोन हात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि २०२२ साली एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कागदी पिशव्या करणाऱ्या हातांना त्यामुळे नवे महत्त्व आले आहे. हे काम बहुधा नगावर मोजले जाते. बोट चिरले की त्या दिवसाची कमाई घटते. आणि घरची भांडी मात्र त्याही दिवशी घासावीच लागतात.

“कष्टाचे हात असेच असायचे,” असे म्हणून आपल्याकडे हा विषय सोडून दिला जातो. हातांची काळजी घेणे म्हणजे नटणे-मुरडणे, अशीही एक समजूत आहे. या दोन्ही समजुती सोडून दिल्या पाहिजेत. हात फुटणे अटळ नाही, आणि ते टाळण्यासाठी महाग प्रसाधनांचीही गरज नाही. तेल योग्य वेळी लावणे आणि कामांचा क्रम विचारपूर्वक ठरविणे, या दोन गोष्टींनी पुष्कळ काम भागते.

त्वचेची भिंत

त्वचेचा सर्वांत वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे या भिंतीच्या विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेले स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. ही भिंत शाबूत असेपर्यंत आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ बाहेर. साबण मळ काढतो तो त्यातील तेलकटपणा सोडवूनच. परंतु मळाचे तेल कोणते आणि त्वचेचे कोणते, हे त्याला कळत नाही. भिंतीतला चुनाही तो थोडाथोडा धुऊन नेतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी. या विरोधानेही त्वचेची घडी विसकटते.

तळहाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शरीरावर बहुतेक ठिकाणी त्वचेला तेल पुरविणाऱ्या ग्रंथी असतात. तळहातावर त्या नसतात. घामाच्या ग्रंथी तेथे विपुल, पण तेलाच्या मुळीच नाहीत. म्हणूनच तळहातावर गेलेले तेल आपण बाहेरून परत देणे भाग असते. हाताच्या मागील बाजूची त्वचा पातळ असल्याने ती आधी तडकते.

पाण्याने त्वचा ओली होते, मग ती कोरडी कशी पडते, असा प्रश्न वाचकांना पडेल. पाण्यात फार वेळ राहिलेली त्वचा फुगते आणि तिची वीण सैल होते. हात बाहेर काढताच ते पाणी उडून जाते आणि जाताना आतला ओलावाही घेऊन जाते. पाणी ऊन असेल, तर ही हानी अधिक होते. भांड्यांसाठी कढत पाणी घेण्याची सवय असलेल्यांनी कोमट पाण्यावर भागवून पाहावे.

कागद हातांचे काय करतो

कागद दिसतो मऊ, पण तो वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो आणि हे तंतू ओलावा व तेल दोन्ही टिपून घेतात. सांडलेले तेल टिपण्यास आपण कागदच घेतो, हे येथे आठवावे. शेकडो कागद मोजताना, दुमडताना आणि घडीवरून नख फिरवताना बोटांची टोके हळूहळू शुष्क होतात व घासली जातात. गुळगुळीतपणासाठी पुष्कळ कागदांत खडूसारखी किंवा चिनी मातीसारखी भुकटी घातलेली असते. तिचाही परिणाम होतोच.

कागदाने कापण्याची गोष्ट तर सर्वांच्या अनुभवाची आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सुमारे ६५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाइतक्या जाडीचा कागद सर्वांत सहज कापतो. त्याहून पातळ कागद वाकतो आणि जाड कागदाचा दाब पसरतो. वर्तमानपत्राचा कागद या जाडीच्या आसपासच असतो. रद्दीच्या पिशव्या करणाऱ्यांनी म्हणूनच विशेष सावध असावे. बोटाच्या टोकाशी संवेदनातंतूंची दाटी असल्यामुळे एवढीशी चीरही फार दुखते.

खळीकडेही लक्ष हवे. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकण्याची रीत पुस्तकबांधणीच्या व्यवसायात जुनी आहे. मोरचूद त्वचेला झोंबणारे आणि पोटात गेल्यास विषारी असते. घरच्या कामासाठी, विशेषतः मुले सोबत असतील तर, ते न घालता रोजच्या पुरती ताजी खळ शिजवावी. ती बोटाऐवजी कुंचल्याने लावावी आणि बोटांवर वाळलेली खळ खरवडून न काढता पाण्यात भिजवून काढावी.

तेल केव्हा आणि कोणते

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण हात फुटल्यावर, आठवण होईल तेव्हा, कोरड्या कातडीवर तेल चोळतात. याचा लाभ थोडाच होतो. हात धुतल्यावर ते मऊ कापडाने टिपावेत आणि किंचित दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. म्हणजे त्वचेत शिरलेले पाणी तेथेच अडते. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम एका हाताच्या दोन्ही बाजूंस पुरते. मोरीच्या कट्ट्यावर साबणाशेजारीच मलमाची डबी ठेवली, तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

द्रव्यांपैकी सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे म्हणजे पेट्रोलियम जेली. अमेरिकेतील तेलविहिरींवरचे कामगार यंत्रांवर साचणारे एक मेणासारखे द्रव्य कापल्या-भाजल्यावर लावीत. ते पाहून रॉबर्ट चीझब्रो यांनी ते शुद्ध करण्याची रीत शोधली आणि १८७२ साली तिचे एकस्व मिळविले. या जेलीला वास नसतो, ती झोंबत नाही आणि पाण्याला उत्तम अडविते. खोबरेल तेलही चांगले. कोकण आणि गोव्यातील वाचकांना कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा ठाऊक असेलच. टाचांच्या भेगांत वितळवून भरण्याचे ते तेल बोटांच्या भेगांनाही तितकेच मानवते.

घरीच मलम करावयाचे असल्यास चार भाग खोबरेल आणि एक भाग शुद्ध मधमाशीचे मेण वजन करून घ्यावे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात हे मिश्रण वितळवावे आणि स्वच्छ, कोरड्या डबीत ओतावे. ग्लिसरीन वापरणाऱ्यांनी ते नुसते न लावता पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून लावावे. त्यात लिंबू पिळण्याची जुनी पद्धत मात्र फुटलेल्या हातांसाठी टाळावी. मोहरीचे तेलही काहींच्या त्वचेला झोंबते. चुरचुर झाल्यास ते वापरू नये.

कागदकाम करणाऱ्यांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे : तेलकट बोटांचा डाग कागदावर पडतो. त्यावर उपाय रात्रीचा. झोपण्यापूर्वी हातांना भरपूर जेली लावून वर जुने, स्वच्छ सुती हातमोजे किंवा पायमोजे चढवावेत. दिवसा कामाच्या मध्यंतरात थोडे मलम लावावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि उरलेले कापडाने पुसून कामास बसावे.

दिवसाचा क्रम

पाण्यात भिजलेली मऊ कातडी कागदावर लवकर घासली जाते. म्हणून भांडी आटोपताच कागद हाती घेऊ नये; मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा. शक्य असल्यास कागदाचे काम एका बैठकीत, धुण्या-भांड्यांच्या आधी उरकावे. पाण्याची कामे दिवसभर विखुरण्यापेक्षा एकत्र केली, तर हात कमी वेळा भिजतात.

घडी दाबण्यास नखाऐवजी लाकडी पट्टी किंवा चमच्याची पाठ वापरावी. कागद मोजताना बोट जिभेला न लावता ओला स्पंज जवळ ठेवावा. काम करताना अंगठी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली साबण साचून राहतो आणि हात चिघळण्याचा आरंभ पुष्कळदा तेथूनच होतो.

रबरी हातमोज्यांविषयी अजूनही संकोच दिसतो. त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. १८८९च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रव्यांनी सोलून निघाले. तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे मुद्दाम करवून घेतले. आज शस्त्रक्रियागृहात जे अपरिहार्य मानले जातात, ते हातमोजे तेथे आले ते एका काम करणाऱ्या स्त्रीच्या हातांची आग थांबावी म्हणून! मग भांडी घासताना ते घालण्यात लाज कसली? मात्र आत सुती मोजे घालावेत, सलग वीस मिनिटांहून अधिक वेळ ते चढवून ठेवू नयेत आणि भिजल्यास बदलावेत. रबराने खाज सुटणाऱ्यांनी अन्य द्रव्याचे मोजे घ्यावेत.

चीर पडल्यास, आणि वैद्याकडे केव्हा

कागदाने कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, कडा जुळवून चिकटपट्टी लावावी आणि बरी होईपर्यंत त्या बोटाने खळ किंवा साबण हाताळू नये. कोरड्या भेगेत जेली भरून वर पट्टी बांधल्यास ती लवकर मिटते. हळद, चुना किंवा दंतमंजन भेगेत भरू नये.

दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही हात सुधारले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. पाण्याचे बारीक फोड येणे, एकाच हाताचे कातडे सोलणे, बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटणे, नखाच्या मुळाशी सूज आणि पू होणे, यांची कारणे वेगवेगळी असतात. इसब, बुरशी आणि खरूज यांना एकच औषध चालत नाही. लसूण सोलणाऱ्या बोटांचीच टोके फुटत असतील, तर लसणाचे वावडे असण्याचाही संभव असतो. मधुमेह असलेल्यांनी लहानशा भेगेकडेही दुर्लक्ष करू नये. आणि औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेले मलम कधीही आणू नये. त्याने प्रथम आराम वाटतो, पण मूळचा रोग बळावतो आणि कातडी पातळ होते.

घरातील इतरांसाठी

शेवटी एक गोष्ट घरातील सर्वांस सांगावयाची आहे. त्वचेची भिंत पुन्हा बांधली जाते ती विसाव्यात. वर लिहिलेली मलमे उपयुक्त खरी. पण दिवसातून चार वेळा भांड्यांत हात घालणाऱ्या स्त्रीला हा विसावा मिळणार कोठून? रात्रीची भांडी पतीने घासली, जेवल्यावर प्रत्येकाने आपले ताट स्वतः धुतले, तर हात भिजण्याची दोन वेळा सहज वाचते. यासाठी पैसा लागत नाही.

आकाशकंदील दारी लागेल तेव्हा त्याच्या प्रकाशाचे सर्वजण कौतुक करतील. ज्या बोटांनी कागद कापला, चिकटविला आणि झिरमिळ्या लावल्या, त्या बोटांची चौकशी त्याआधी करावी. आणि मोरीच्या कट्ट्यावर मलमाची डबी आजच ठेवावी.