समोच्चरेषांवरून गेलेला आवाज

भूगोलाच्या पदवीधराला सरकारी दूरसंचार खात्यात काय काम, असे मला अनेकदा विचारले जाते. उत्तर मायक्रोवेव्हच्या मार्गात आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून दोन मनोरे एकमेकांना ‘दिसावे’ लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन्ही जागा रेषेने जोडायच्या. ती समोच्चरेषांना जिथे छेदते तिथली उंची आलेखावर मांडून जमिनीचा उभा छेद काढायचा. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात हेच शिकवतात. त्यात पृथ्वीचा फुगवटा मिळवायचा : ४० किलोमीटरच्या टप्प्यात, हवेतील वक्रीभवनाची सूट धरूनही, मध्यावर तो सुमारे २४ मीटर भरतो. नकाशात नसलेली झाडे, इमारती जागेवर जाऊन पाहायच्या. सह्याद्रीसारख्या मुलखात एखादी सोंड हिशेबातून सुटली, तर मनोरा उभा राहूनही मुकाच.

१९८५मध्ये टपाल आणि दूरसंचार खाती वेगळी झाली, २०००मध्ये बीएसएनएल आली. मायक्रोवेव्हचे बरेच काम ऑप्टिकल फायबरने घेतले. मनोरा आजही डोंगरावर दिसतो. पण शेजारची टेकडी का नाकारली, हे छेद काढणाऱ्यालाच ठाऊक असते. माझ्या मते, दूरसंचाराचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी या निवृत्त माणसांना गाठावे. कारण ते ज्ञान त्यांच्याबरोबरच संपणारे आहे.