दार लावून बोलायची सोय

तोंड न दाखवता, ओळख न देता घरातली नाजूक अडचण एखाद्या जाणत्या माणसाला विचारावी आणि त्याचं सरळ उत्तर मिळावं, ही सोय मराठी माणसाला मिळाली ती पोस्टाने. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि वाचकांची पत्रं येऊ लागली. नवराबायकोमधले जे प्रश्न घरात उच्चारणंही शक्य नव्हतं, ते लोक लिफाफ्यात घालून पाठवत. कर्वे उत्तरं छापत, तीही कीर्तनकाराचा आव न आणता. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत निघत राहिलं.

ऑनलाइन समुपदेशनाचा इतिहास सांगताना बहुतेक जण अमेरिकेपासून किंवा करोनापासून सुरुवात करतात. मला ती कर्व्यांपासून करावीशी वाटते, कारण माणसाची मागणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. सल्ला त्याला हवाच असतो, पण त्याआधी हवी असते तिसऱ्याच्या कानावर काही जाणार नाही अशी जागा.

मानसोपचाराची एक विद्याशाखा तर आपल्याकडे पत्रांतूनच रुजली. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा महाराष्ट्रात प्रसार केला तो कि. मो. फडके यांनी. न्यूयॉर्कमधल्या एलिसशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. आजही मराठी समुपदेशक 'माझ्या सासूने असं वागताच कामा नये' या वाक्यातला हट्टाचा 'च' पकडतो, तेव्हा त्यामागे ही टपालातून आलेली शिकवण असते.

बाकी समाजात मात्र मनाच्या दुखण्याला एकच पत्ता होता, मनोरुग्णालयाचा. 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला न्या' असं म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नसे. अशा काळात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये त्याच ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली. पुढे या संस्थेने 'मैत्र' ही फोनवरची सेवाही चालवली. फोनवरून धीर देण्याची कल्पना लंडनच्या चाड व्हाराह या धर्मगुरूने १९५३ मध्येच अमलात आणली होती. आपल्याकडे तिला खीळ बसली ती लँडलाइनमुळे. दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत ठेवलेल्या त्या यंत्रावरून सासऱ्यांबद्दल कोण बोलणार?

मोबाइल आला आणि फोन खिशात गेला. २०१२ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 'आयकॉल' सुरू केलं. फोनबरोबर ईमेल आणि चॅटवरही प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागले, मराठीतूनही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ कॉल ही चैन राहिली नाही. त्याच सुमारास बंगळुरूकडच्या नव्या कंपन्यांनी समुपदेशनाची ॲप्स बाजारात आणली. त्यांचा गिऱ्हाईक प्रामुख्याने इंग्रजी बोलणारा आयटीतला नोकरदार.

मग २०२० आलं. टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मानसोपचारतज्ज्ञांचे दवाखाने काही आठवड्यांत पडद्यावर आले. तंत्राचं काम झालं आणि घरांची अडचण उघडी पडली. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं दिवसरात्र एकत्र असताना 'आईशी पटत नाही' हे वाक्य उच्चारायचं कुठे? कुणी गच्चीवर गेलं, कुणी जिन्यात बसलं, कुणी सोसायटीच्या आवारात लावलेल्या गाडीत. समुपदेशकांना नवी रीत शिकावी लागली. 'आत्ता बोलता येईल का, आसपास कुणी आहे का' हे आधी विचारायचं, उत्तर हो-नाहीत देता येईल असे प्रश्न करायचे आणि कुणी आलं तर विषय बदलायचा इशारा ठरवून ठेवायचा. राष्ट्रीय महिला आयोगाने त्या एप्रिलमध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला, त्यामागचं कारणही हेच. मारणारा माणूस त्याच खोलीत असेल तर फोनवर बोलता येत नाही, टाइप करता येतं.

म्हणून व्हिडिओच्या कौतुकात मी फारसा सामील होत नाही. समोरच्याचा चेहरा दिसणं थेरपिस्टला उपयोगाचं असतं, हे खरं. पण दाटीवाटीने राहणाऱ्या माणसाला साधा चॅट आणि कमी आवाजातला फोन जास्त कामी आला.

एका बाबतीत मात्र पडद्याने जे दिलं, ते पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्याला देता आलं नसतं. एक मुलगा टेक्सासमध्ये, मुलगी नाशिकला आणि आई कोथरूडमध्ये एकटी, हे आता मराठी मध्यमवर्गाचं सर्वसाधारण चित्र आहे. आईला कुणी सांभाळायचं, घराचं काय करायचं, 'दादा फक्त पैसे पाठवतो' ही सल कुठे मोकळी करायची, हे सगळं पूर्वी दिवाळीच्या सुट्टीत भांडणातूनच बाहेर यायचं. आता तिघं तीन चौकटींत बसतात आणि चौथ्या चौकटीत तिऱ्हाईत, जाणकार माणूस असतो. वेळेचा घोळ होतो, इथली सकाळ म्हणजे तिकडची रात्र. शिवाय अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे तिथल्या मराठी माणसावर इथल्या थेरपिस्टने उपचार करण्यात कायद्याचा पेच आहे. तरी भांडण मराठीतलं असेल, तर ते मराठीतच सोडवावं लागतं.

सरकार उशिरा जागं झालं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला होता. लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ ला 'टेलि-मानस' ही सरकारी फोनसेवा सुरू झाली, तिची सूत्रं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. पण तारा जोडल्याने ऐकणारी माणसं तयार होत नाहीत. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यावर उत्तर शोधलं होतं. पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक लोकांना नीट शिकवलं, तर नैराश्यावर त्यांच्या मोजक्या बैठकांचाही गुण येतो, हे तिथल्या चाचणीतून दिसलं आणि २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

खासगी बाजारात दार किती घट्ट लागतं, याचा धडा अमेरिकेतून आला. तिथल्या 'बेटरहेल्प' या बड्या कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरवल्याचा ठपका फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले.

आणि आता यंत्रच ऐकू लागलंय. तेही तसं जुनंच. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा संवादी प्रोग्रॅम केला. तो निव्वळ प्रोग्रॅम आहे हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. एकान्ताची भूक इतकी जबर असते. मात्र आज रात्री दोनला चॅटबॉटपाशी मन मोकळं करणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी लक्षात ठेवावं, त्या खोलीबाहेर कंपनी उभी असते, आणि ती कधीही गाशा गुंडाळू शकते. 'वोबॉट' हा गाजलेला चॅटबॉट ३० जून २०२५ ला बंद झाला.

ऑनलाइन थेरपिस्ट निवडताना संकोच नको. शिक्षण काय, देखरेख कुणाची, नोंदी कुठे राहतात, हे पहिल्याच भेटीत विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आजही जवळपास कुणीही लावू शकतो. आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने या मंडळींनाही चौकटीत घेतलं, पण अंमलबजावणी रेंगाळली आहे. आणि घरातलं कुणी आठवड्यातून तासभर दार लावून बोलत असेल, तर बाकीच्यांनी तेवढा वेळ टीव्ही लावावा आणि दाराशी घुटमळू नये. पैसे मोजणं परवडत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येतं आणि ते मोफत आहे.