आकार आधी, कारण नंतर

पुरुषांच्या स्तनवाढीचा, म्हणजे गायनेकोमास्टियाचा, गेल्या ऐंशी वर्षांचा मागोवा घेतला तर एक विसंगती दिसते. कारणांची माहिती वाढत गेली, पण तपासणी मात्र आकार मोजण्याकडे सरकली. 1942 मध्ये क्लाइनफेल्टर आणि सहकाऱ्यांनी स्तनवाढ, लहान वृषणे आणि वंध्यत्व यांचा एकत्र विचार केला, तेव्हा छाती हे खुणेचे ठिकाण होते आणि शोध वृषणांत होता. 1961 मध्ये अमेरिकेतल्या बालवीरांची पाहणी झाली. चौदाच्या आसपासच्या जवळपास दोन-तृतीयांश मुलांमध्ये ती वाढ आढळली. बहुतेकांची ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते. 1973 मध्ये सायमन यांनी शस्त्रक्रियेसाठी श्रेणी आखून दिल्या. त्या उपयोगी खऱ्याच, पण किती काढायचे एवढेच त्या सांगतात. का वाढले, यावर त्या गप्प असतात.

आपल्याकडे हे 'का' फार जवळ असते. 1 एप्रिल 2004 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. मुंबईत जे.जे. रुग्णालय हे त्यातले आरंभीचे केंद्र. त्या उपचारांतल्या एफाविरेन्झने काही पुरुषांना स्तनवाढ होते. क्षयाच्या आयसोनियाझिडचे, हृदयविकारातल्या स्पायरोनोलॅक्टोनचे, प्रोस्टेटच्या औषधांचेही तेच. त्यात जिममध्ये हाती पडणारी स्टेरॉइड्स आलीच. मुंबईतल्या जोगेश्वरीच्या रुग्णाने कूपर रुग्णालय गाठले काय किंवा पूर्वेचे पालिकेचे ट्रॉमा रुग्णालय गाठले काय, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगणे हीच स्वस्तातली पहिली तपासणी. मग रुग्णाला उताणे झोपवून अंगठा आणि तर्जनी बोंडाकडे आणत चिमटीत ग्रंथीची चकती लागते का पाहायचे. नुसती चरबी असेल तर चकती लागत नाही. वृषणे चाचपणे मात्र लाजेपोटी सुटते, आणि नेमकी तिथली गाठ निसटते.

बहुतेक प्रकरणे निरुपद्रवी असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण मी सरसकट हार्मोनच्या चाचण्या मागत नाही. किशोरवयीन मुलाची वाढ ठरावीक वयात सुरू झाली असेल आणि वृषणे निकोप असतील तर वाट पाहणेच शहाणपणाचे. प्रौढात नव्याने, झपाट्याने वाढली तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, एस्ट्रॅडिऑल, एचसीजी पाहावे. एकाच बाजूची, टणक, बोंडापासून बाजूला असलेली किंवा रक्तस्राव होणारी गाठ असेल तर थेट मॅमोग्राफी आणि बायोप्सी. एकूण स्तनकर्करोगांपैकी साधारण एक टक्का पुरुषांचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पोरगा शर्ट काढायला, पोहायला लाजतो, त्याला कारणांचे काय करायचे? त्याची लाज खरी आहे, आणि वर्ष उलटून ग्रंथीचे तंतू घट्ट झाले की गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया हाच रास्त मार्ग. पण कारणीभूत औषध चालूच ठेवून ती केली तर वाढ परत येऊ शकते.