प्रोसेसर एवढा फास्ट, मग आवाज का तुटतो? औंढ्याच्या लायगोपासून घरच्या रास्पबेरी पायपर्यंत

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाबद्दल तुम्ही वाचलंच असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर आणि शोध गुरुत्वीय लहरींचा.

पण गंमत म्हणजे, लायगो ज्या लहरी पकडतं त्यांची वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यातली असते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पकडलेली पहिली लहर ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली. स्पीकरवर लावली तर चक्क ऐकू येते.

म्हणूनच तिथल्या इंजिनिअरांची एक अडचण आणि घरी रास्पबेरी पाय टाकून इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा कीबोर्ड बनवणाऱ्याची अडचण सारखीच आहे. प्रोसेसर वेगवान असतो, पण वेळ पाळत नाही.

हिशोब बघा. चांगल्या ऑडिओत सेकंदाला ४८,००० नमुने जातात, म्हणजे दर २०.८ मायक्रोसेकंदाला एक. पत्त्याच्या कॅटएवढ्या कॉम्प्युटरला हे जड नाही. पण त्यावरचं लिनक्स एकाच वेळी वायफाय, मेमरी कार्ड, स्क्रीन असं सगळं सांभाळत असतं. त्या गडबडीत एक खेप चुकली की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. घरी ठीक, भजनाच्या कार्यक्रमात मध्येच आला तर पंचाईत.

यावरचा उपाय म्हणजे बफर. घरावरची पाण्याची टाकी समजा. नळाला पाणी कधीही येवो, टाकी भरलेली असेल तर खालची धार तुटत नाही. पण टाकी मोठी केली की आत्ता दाबलेल्या पट्टीचा सूर आधीच्या पाण्यामागे रांगेत थांबतो. ६४ नमुन्यांची टाकी म्हणजे १.३ मिलिसेकंद उशीर, १,०२४ ची म्हणजे २१. गाणी ऐकायला २१ चालतील, वाजवणाऱ्याचा हात मात्र अडखळतो.

लायगोने यावर जालीम उपाय काढला. तिथले कॉम्प्युटरही लिनक्सवरच चालतात, पण प्रोसेसरचे काही कोअर लिनक्सच्या ताब्यातून काढून घेतात. असा एक कोअर एकच काम करतो, मध्ये कुणी टोकायचं नाही. रास्पबेरी पायमध्ये चार कोअर असतात, तिथेही एक कोअर असा राखून ठेवता येतो. शिवाय वेळ पाळायला लावणारी 'रिअल-टाइम' सोय २०२४ मध्ये मूळ लिनक्सचाच भाग झाली.

दुसरी अडचण घड्याळाची. पायच्या जुन्या बोर्डांवरचं मूळ घड्याळ १९.२ मेगाहर्ट्झचं. त्याला सीडीच्या ४४,१०० ने भागा, ४३५.३७ येतं. भाग पूर्ण जात नाही, म्हणून टिकटिक किंचित मागेपुढे होते. त्यामुळे चांगल्या ऑडिओ कार्डावर स्वतःची दोन घड्याळं असतात, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झची. दोन्हींना ५१२ ने भागलं की बरोबर ४४,१०० आणि ४८,००० येतात. मग ताल कार्ड धरतं आणि पाय त्याच्यामागे चालतो.

हे कार्ड जोडायला 'आयटूएस' नावाच्या पिना वापरतात. हेडफोनच्या भोकावर विसंबू नका, पाय ५ वर तर ते नाहीच. आणि माइक लावायचा असेल तर आवाजाचे आकडे करणारी चिपही वेगळी लागते, कारण पायमध्ये ती नसते.

हे सगळं हौशी लोकांपुरतंच आहे असं समजू नका. जपानच्या कोर्ग कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या वेवस्टेट सिंथेसायझरच्या पोटात रास्पबेरी पायचं कम्प्युट मॉड्यूल ३ आहे. पिना, भोकं वगळून उरलेला प्रोसेसर आणि मेमरीचा छोटा तुकडा. त्याभोवतीचं ऑडिओ सर्किट मात्र कोर्गने स्वतःचं लावलं.

घरी करणाऱ्यांनी सुरुवात पॉवरपासून करावी. स्वस्त मोबाइल चार्जरची घरघर थेट स्पीकरपर्यंत पोचते. त्यात आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळली की तानपुऱ्याला न मागता आणखी एक खर्ज मिळतो.